गाणी फुकट, कार्यक्रमाला तिकीट: न्यूक्लियाकडून धंद्याचे 3 धडे

व्हिडिओत जे घाईत सांगितलं, ते इथे नीट लिहून देतोय.

न्यूक्लिया, म्हणजे उदयन सागर, हा इलेक्ट्रॉनिक संगीत बनवतो. 2015 मध्ये त्याने ‘बेस रानी’ हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या वेळी आणला आणि डाउनलोड फुकट ठेवलं. पुढच्याच वर्षी ‘राजा बाजा’ आला, तो थेट वरळीच्या एनएससीआय डोममध्ये मोठा कार्यक्रम करून.

1. गर्दी असेल तिथे जा. माळीवाड्याच्या विशाल गणपतीची मिरवणूक आठवा. गिऱ्हाईक आधीच रस्त्यावर असतं. तुमचा माल तिथे दिसतो का?

2. पाहुणा जोडा. ‘बेस रानी’त रॅपर डिव्हाइन आहे, गायिका श्रुती पाठक आहे. पाहुण्याचे चाहतेही सोबत येतात. पण नाव कुठे येणार, पैसे किती आणि कधी, हे कामाआधी कागदावर घ्या. मैत्री टिकते ती त्यामुळेच.

3. फुकट देताना हिशोब करा. इथेच बरेच जण बुडतात. गाण्याच्या दुसऱ्या कॉपीला खर्च जवळपास शून्य; कमाई कार्यक्रमातून. तुमच्या पापडाच्या प्रत्येक पाकिटाला मात्र डाळ, तेल, मजुरी लागते. म्हणून चव द्या, पाकीट नको.

गृहपाठ: वहीत तीन ओळी लिहा. फुकट काय देणार? त्याचा खर्च किती? आणि पैसे नेमके कशातून येणार? तिसरी ओळ रिकामी राहिली, तर फुकट वाटप आजच थांबवा.