विनोदी नाटककार विल्यम गिल्बर्ट

हसणें सर्वांस सोपें आहे. परंतु ग्राम्य शब्दाचा आश्रय न करितां दुसऱ्यास हसविणें ही कष्टसाध्य कला आहे. ही कला ज्यानें आयुष्यभर उपासिली, त्या विल्यम श्वेंक गिल्बर्ट ह्या इंग्रज नाटककाराचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहें. त्यांत अनुकरण करण्याजोगें पुष्कळ आहे, आणि सावध होण्याजोगेंही कांहीं आहे.

गिल्बर्टचा जन्म १८ नोव्हेंबर १८३६ रोजीं लंडन शहरांत झाला. त्याचा बाप आरमारांत शस्त्रवैद्य होता व पुढें तो ग्रंथकार झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजांत शिक्षण पुरें झाल्यावर गिल्बर्टनें कांहीं वर्षें सरकारी कचेरींत कारकुनी केली. पण ती त्याला मनापासून नावडे. १८६३ सालीं ३०० पौंडांचा वारसा हातीं येतांच त्यानें नोकरी सोडली व तो बॅरिस्टरीकडे वळला. तेथेंही यश आलें नाहीं; वर्षाकांठीं सरासरी पांचच पक्षकार त्याच्याकडे येत. परंतु १८६१ पासूनच तो 'फन' नांवाच्या विनोदी साप्ताहिकांत लिहीत असे. लहानपणीं घरीं त्याला 'बॅब' म्हणत. त्याच नांवाखालीं त्याच्या विनोदी कविता प्रसिद्ध झाल्या, व त्यांचीं चित्रेंही त्यानें स्वतःच काढिलीं. वकिलींत पैसा मिळाला नाहीं, तरी तो काळ फुकट गेला असें म्हणतां येत नाहीं. कोर्टांतील भाषा, तेथील डौल आणि त्या डौलामागचा पोकळपणा, ही शिदोरी त्याला जन्मभर पुरली.

ह्याचा पहिला प्रत्यय १८७५ मध्यें आला. रिचर्ड डॉयली कार्ट ह्या नाट्यव्यवस्थापकाच्या सांगण्यावरून गिल्बर्टनें 'ट्रायल बाय ज्यूरी' हें लहानसें संगीत नाटक लिहिलें, व आर्थर सलिव्हन ह्या विख्यात संगीतकारानें त्यास चाली दिल्या. ख्रिस्ती उपासनेंतील कित्येक गीतांच्या चालीही ह्याच सलिव्हननें बांधिलेल्या आहेत. नाटकाचा विषय असा : लग्नाचें वचन मोडल्याबद्दल एक तरुणी फिर्याद करिते, वकील नाना युक्तिवाद करितात, आणि निकाल कांहीं केल्या लागेना म्हणून शेवटीं न्यायाधीश स्वतःच तिच्याशीं लग्न करण्यास उभा राहतो !

१८७१ पासून १८९६ पर्यंत ह्या जोडीनें चौदा संगीत नाटकें रचिलीं. त्याच काळांत, १८८० सालीं, आपल्याकडे अण्णासाहेब किर्लोस्करांनीं पुण्यास 'शाकुंतल' रंगभूमीवर आणिलें. मात्र दोहोंच्या पद्धतींत एक भेद होता. किर्लोस्कर लोकांच्या परिचयाच्या चालींवर पदें रचीत. गिल्बर्ट आधीं पदें लिही, आणि मग सलिव्हन त्यांना नवी चाल बांधी.

गिल्बर्टच्या विनोदाची युक्ति अशी कीं, आरंभीं एक अशक्य गोष्ट गृहीत धरावयाची आणि मग ती गंभीर चेहऱ्यानें, तर्कशास्त्राच्या नियमानें, शेवटास न्यावयाची. 'पिनाफोर' (१८७८) ह्या नाटकांतील आरमारमंत्री कधीं समुद्रावर गेलेला नाहीं. वकिलाच्या कचेरींतील पोऱ्याच्या जागेपासून तो ह्या पदाला चढला आहे. त्या वेळचा इंग्लंडचा खरा आरमारमंत्री डब्ल्यू. एच. स्मिथ हा पुस्तकांचा व वर्तमानपत्रांचा व्यापारी होता, हें प्रेक्षकांस ठाऊक होतेंच ! 'मिकाडो' (१८८५) ह्या नाटकांत पात्रांचे पोषाख जपानी, पण थट्टा इंग्लंडच्या कारभाराची आहे. शिरच्छेदाची शिक्षा झालेल्या एका शिंप्यालाच तेथें गांवचा मारेकरी नेमिलें आहे. कारण स्वतःचें डोकें उडविल्याखेरीज त्याला दुसऱ्याचें उडवितां येणार नाहीं. ह्या नाटकाचे पहिल्या खेपेस ६७२ प्रयोग झाले. पुढें १९०७ सालीं जपानी राजपुत्र इंग्लंडास येणार म्हणून ह्या नाटकाच्या प्रयोगांवर कांहीं काळ सरकारी बंदी आली. नाटककाराच्या थट्टेस ह्याहून चांगली साक्ष कोणती मिळावी ?

ह्या हास्यामागें अविश्रांत मेहनत होती. घरीं रंगभूमीची लहान प्रतिकृति करून, लाकडी ठोकळ्यांस पात्रें मानून, कोणी कोठें उभें राहावें हें तो आधीं ठरवी. 'पिनाफोर'च्या वेळीं जहाजाचा देखावा खरा वठावा म्हणून त्यानें पोर्टस्मथ बंदरांत जाऊन तेथील युद्धनौकेचीं रेखाटनें करून आणिलीं. तालमींत त्याची शिस्त कडक असे.

परंतु हाच कडकपणा त्याच्या स्वभावांतही होता. १८८१ सालीं कार्टनें ह्या नाटकांसाठीं लंडनमध्यें विजेच्या दिव्यांनीं उजळलेलें सॅव्हॉय नाट्यगृह उघडिलें. १८९० मध्यें तेथील नव्या गालिच्यांचा खर्च भागीदारींत धरल्यावरून गिल्बर्टनें कार्टशीं भांडण मांडिलें. सलिव्हननें कार्टची बाजू घेतली. प्रकरण कोर्टांत गेलें. हिशेबापुरतें गिल्बर्टचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें. तथापि पुढें तिघे पुन्हां एकत्र आले, तरी पूर्वींचा मेळ बसला नाहीं. त्यानंतरचीं दोन नाटकें पहिल्यासारखीं रंगलीं नाहींत. क्षुल्लक वादाला मोठें रूप देणाऱ्या माणसांना ज्यानें जन्मभर हसविलें, तोच एका गालिच्यापायीं अडखळला !

सलिव्हन १९०० सालीं वारला. गिल्बर्टला १९०७ मध्यें 'सर' हा किताब मिळाला. २९ मे १९११ रोजीं आपल्या घराजवळच्या तळ्यांत तो दोन मुलींना पोहणें शिकवीत असतां एकीचा पाय ठाव सोडून गेला व तिनें हांक मारिली. चौऱ्याहत्तर वर्षांचा गिल्बर्ट तत्काळ तिच्याकडे पोहत गेला. मुलगी वांचली, परंतु त्याचें हृदय तेथेंच बंद पडलें.

मित्रहो, ज्याची जीभ तिखट म्हणून लोक भीत असत, त्याचें अंतःकरण कसें होतें हें त्या शेवटच्या क्षणीं दिसलें. मग तें आधींच, आपल्या सोबत्यांस, थोडें अधिक कां दिसूं नये ? दुसऱ्याचा दोष हसत दाखविण्याची हातोटी तुम्हांस साधली तर उत्तमच. पण तोच आरसा प्रथम आपल्या तोंडापुढें धरण्यास चुकूं नका. बरोबर असूनही भांडण सोडून देण्याचे प्रसंग आयुष्यांत येतात, आणि ते ओळखणें हें नाटक लिहिण्याहूनही कठीण आहे.