कट-कट ऐकू येण्याआधी: परदेशात पहिली जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

शेंद्र्यात 2001 पासून स्कोडाच्या गाड्या जोडल्या जातात, वाळूजला बजाज आहे, आणि या दोघांच्या आगेमागे सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. त्यामुळे छत्रपती संभाजीनगरातून डेट्रॉईट, श्टुटगार्ट किंवा म्लादा बोलेस्लाव्हला निघालेल्या माणसाला गाडीतलं काहीच कळत नाही, असं सहसा नसतं. तरी तिथे मुरलेल्या घरांना विचारा, की पहिल्या हिवाळ्यात खिशाला चाट कशाने बसली. एक्सलचा बूट हे उत्तर हमखास येतं.

पुढच्या चाकांना ताकद पोचवणाऱ्या एक्सलला दोन टोकांना दोन सीव्ही जॉइंट असतात. चाकाकडच्या जॉइंटमध्ये बहुतेक गाड्यांत सहा गोळ्या असतात. स्टिअरिंग कितीही वळवलं तरी चाक एकसारखं फिरतं ते त्यांच्यामुळे. गिअरबॉक्सकडचा जॉइंट बहुधा तीन रोलरचा असतो आणि खड्ड्यात चाक खालीवर झालं की आतबाहेर सरकतो. दोन्ही ग्रीसमध्ये बुडालेले, आणि ते ग्रीस धरून ठेवायला वर घड्यांचा रबरी बूट. बूट स्वस्त, जॉइंट महाग. बूट फाटला की फिरत्या एक्सलबरोबर ग्रीस बाहेर फेकलं जातं, पाणी आणि माती आत शिरते आणि गोळ्यांच्या वाटा खरवडून निघतात.

आपल्याकडे जालना रोडवरची धूळ आणि मे महिन्यातलं ऊन रबराला खातं. तिकडे थंडी आणि मीठ. मिशिगनमध्ये बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. खुद्द डेट्रॉईट शहराखाली हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे, यावरून काय ते समजा! मीठ रबराला फारसं काही करत नाही, पण बुटावरच्या पट्ट्या, म्हणजे क्लॅम्प, गंजवतं. पट्टी सैल झाली की बूट धडधाकट दिसत असूनही कडेने ग्रीस पाझरतं. कडाक्याच्या थंडीत जुनं रबर कडक होतं आणि घडीच्या खाचेत चिरतं.

दुसरा फरक बघणाऱ्याचा. इथे सर्व्हिसिंगला गाडी वर घेतली की मेकॅनिक स्वतःहून सांगतो, “साहेब, बूट गेलाय.” मिशिगनमध्ये खासगी गाडीची ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणीच नाही. तुम्ही वाकून पाहिलं नाही तर कोणी पाहत नाही. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी ही सक्तीची तपासणी असते, आणि बूट फाटलेला असेल तर गाडी नापास. जर्मनीत तपासणी साधारण दोन वर्षांनी येते. तेवढ्या काळात उघडा जॉइंट कधीच संपलेला असतो.

म्हणून जुनी गाडी घ्यायला जाताना खिशात टॉर्च ठेवा. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे चाकामागचा बूट उघडा पडतो. अंगठ्याने घड्या फाकवून खाचेत बघा, कारण चीर वरून दिसत नाही. चाकाच्या रिमच्या आतल्या अंगाला काळे, चिकट शिंतोडे असतील तर निदान झालंच. मग मोकळ्या जागेत पूर्ण वळवलेल्या स्टिअरिंगवर हळू गोल फिरवा, डावीकडे आणि उजवीकडे. कट-कट वाजलं तर बाहेरचा जॉइंट गेला. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल तर आतल्या जॉइंटवर संशय घ्या, मात्र आधी चाकांचं बॅलन्सिंग तपासा.

निर्णय इथेच फिरतो. चीर ताजी आणि आवाज नाही, तर बूट बदलून ग्रीस भरणं योग्य. आवाज सुरू झाला असेल तर ग्रीस भरून काही होत नाही. तिकडे मजुरी तासावर असल्याने गॅरेजवाला बहुधा पूर्ण एक्सलच बदलू म्हणतो, आणि तो दर वेळी फसवतोय असं नाही. अमेरिकेत नवा एक्सल घेताना बरेचदा अनामत घेतात. जुना दुकानात दिला की ती परत मिळते, सोडू नका.

स्वतः करणार असाल तर गाडी स्टँडवर ठेवा. नुसत्या जॅकवर असताना खाली जाऊ नका. एक्सल गिअरबॉक्समधून ओढताना तेल सांडतं, खाली ट्रे हवा आणि नंतर तेल भरायला हवं. जॉइंट धुऊन पूर्ण कोरडा करा. गोळ्यांवर किंवा त्यांना धरणाऱ्या पिंजऱ्यावर खड्डे दिसले तर तिथेच थांबा. बाहेरच्या जॉइंटला सहसा मोलिब्डेनमचं काळं ग्रीस लागतं. आतल्याचं वेगळं असू शकतं, म्हणून किटमधलंच वापरा आणि दिलंय तेवढंच भरा. जास्त भरलं तर बूट फुगतो. छोटी पट्टी आवळण्यापूर्वी बोथट पातळ स्क्रूड्रायव्हर बुटाच्या कडेखाली सरकवून आतली हवा सोडा. सर्कलिप आणि हब नट नवेच, आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवर टॉर्क रेंचनेच आवळा. एक्सल काढलेला असताना गाडी चाकावर उतरवून ढकलू नका, अनेक गाड्यांत बेअरिंग जातं. एक्सल न काढता चिकटवायचे, मधून कापलेले बूट मिळतात. आमच्या माहितगारांचा त्यावर विश्वास नाही, माझाही नाही.

जागेचं आधीच बघा. अमेरिकेत अपार्टमेंटच्या भाडेकरारात पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायला बरेचदा मनाई असते. ऑटोझोनसारख्या दुकानांत अनामत ठेवून हत्यारं वापरायला मिळतात, पण जागा मिळत नाही. जर्मनीत तासाच्या भाड्याने लिफ्ट देणाऱ्या कार्यशाळा आहेत, आणि रस्त्यावर तेल सांडलं तर दंड होऊ शकतो. तिथली घरं ऑक्टोबरात हिवाळी टायर चढवतात आणि ईस्टरच्या सुमारास उतरवतात. दोन्ही वेळा चाक निघालेलंच असतं, तेव्हा टायरवाल्याला दोन मिनिटं थांबायला सांगून चारही बूट बघून घ्या.