मक्याला पाऊस वेळेवर हवा: काय करावे, काय टाळावे

पाऊस सरासरी गाठतो, तरी मका हातचा जातो. ऑगस्ट २०२३ हा १९०१ नंतरचा देशातला सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. जुलैच्या सुरुवातीला पेरलेला खरिपाचा मका त्याच महिन्यात तुऱ्याकडे निघालेला असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात उलट झाले. उभ्या पिकात पाणी साचले. आता तयारी दोन्हीची ठेवावी लागते.

काय करावे

- ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन खोलवर भिजली की वापशावर पेरा.
- भारी जमिनीत रुंद वरंबा-सरीवर पेरणी करा. खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, धो-धो कोसळला तर सरीतून पाणी निघून जाते. एवढा एकच बदल करणार असाल, तर हाच करा.
- विहिरीत किंवा शेततळ्यात थोडेच पाणी असेल, तर ते तुरा आणि कणसाचे केस बाहेर पडण्याच्या दिवसांसाठी राखून ठेवा. हे दिवस साधारण पेरणीनंतर ५० ते ६५ दिवसांत येतात. ताण बसला की केस उशिरा निघतात, तोवर परागकण झडून जातात आणि कणीस अर्धे रिकामे राहते. नंतर कितीही पाऊस झाला तरी ते दाणे भरत नाहीत.
- उघडीप लांबली की पोंगे तपासा. २०१८ मध्ये भारतात आलेली अमेरिकन लष्करी अळी अशा कोरड्या दिवसांत फोफावते.

काय टाळावे

- वळवाच्या पहिल्या सरीवर पेरू नका. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च तर जातोच, हंगामही मागे सरकतो.
- पाणी साचू देऊ नका. मुळांना हवा मिळाली नाही की दोन-तीन दिवसांतच पाने पिवळी पडू लागतात. कोवळ्या पिकाला तर हे मुळीच सोसत नाही. चर आधीच काढा.
- सगळा युरिया एकदम टाकू नका. मुसळधार पावसात नत्र वाहून जाते. पेरणीवेळी, महिन्याने आणि तुऱ्याआधी असे तीन हप्ते करा. कोरड्या मातीत मात्र देऊ नका.
- दाण्याच्या बुडाशी काळा थर दिसला की पीक पक्व झाले. त्यानंतर परतीच्या पावसाच्या तोंडावर कणसे झाडावर ठेवू नका.
- ओली कणसे ताडपत्रीखाली कोंडून ठेवू नका. बुरशी धरते, तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि असा दाणा कोंबड्या-जनावरांनाही घालता येत नाही. साठवणीआधी ओलावा १४ टक्क्यांच्या खाली आणा.