परसांतील उन्हाळी भाजी

माघ महिना सरूं लागला कीं आमचा शेतकरी हरभऱ्याच्या काढणींत, ज्वारीच्या खळ्यांत आणि उसाच्या तोडणींत गुंतून जातो. याच सुमारास घरामागील परस मोकळें पडतें. मेथी फुलावर येऊन गेलेली असते, कोथिंबिरीचे धणे झालेले असतात, आणि पुढील चार महिने त्या जागेंत गवऱ्या व मोडकीं अवजारें यांखेरीज कांहीं दिसत नाहीं. चैत्र-वैशाखांत भाजी आठवड्याच्या बाजारांतून येते. जो शेतकरी गाडी भरून टोमॅटो शहरास पाठवितो, त्याच्याच घरीं सुकलेली गवार विकत आणलेली आम्हीं अनेक गांवीं पाहिली आहे, व तें आम्हांस बरें वाटलें नाहीं. म्हणून या अंकीं उन्हाळी परसबागेचा थोडा विस्तारानें विचार करूं.

प्रथम गरज किती तें पाहूं. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०११ सालच्या आपल्या आहारविषयक मार्गदर्शिकेंत दर माणशीं दररोज निदान ३०० ग्रॅम भाजी सांगितली होती. त्यांत ५० ग्रॅम पालेभाजी, ५० ग्रॅम कंदमुळें व बाकीच्या इतर भाज्या. पांच माणसांच्या घरास हें दिवसाचें दीड किलो झालें. इतकी भाजी उन्हाळ्यांत बाजारांतून आणणारें घर खेड्यांत विरळाच. बहुतेक ठिकाणीं भाकरीबरोबर पिठलें किंवा चटणी असते. अर्ध्या गुंठ्याची परसबाग ही सर्व गरज भागवील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु रोज एका वेळची ताजी भाजी तिच्यांतून निघावी, एवढी अपेक्षा ठेवण्यास हरकत नाहीं.

खरी अडचण जागेची नव्हे, पाण्याची. तिचा हिशेब आधीं करावा, वाफे मागून आंखावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. देशावरील कडक उन्हाळ्यांत वाढत्या भाजीस दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी लागतें असें धरलें, तर अर्ध्या गुंठ्यांतील वाटा व बांध वगळून राहिलेल्या तीस चौरस मीटर लागवडीस रोजचें सुमारें २०० लिटर पाणी झालें. पंधरा लिटरांची घागर धरली तर तेरा-चौदा घागरी! विहीर दूर असेल तर ह्या घागरी कोणाच्या डोक्यावर येतील, हें सांगावयास नकोच. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, घरांतील बाईच्या कंबरेवर उभी राहणारी परसबाग न केलेली बरी. पाणी बागेपर्यंत आपण होऊन आलें पाहिजे, किंवा तें आणण्याचें काम घरांतील पुरुषांनीं व मोठ्या मुलांनीं वांटून घेतलें पाहिजे.

आपण होऊन येणारें पाणी म्हणजे न्हाणीचें. पांच माणसांच्या आंघोळीचें शंभर लिटर पाणी रोज मोरींतून वाहून जातें व अंगणाबाहेर डांस पाळतें. तेंच चर काढून वेलांच्या आळ्यांत सोडावें. मोरीच्या तोंडाशीं कर्दळ व केळ लावण्याची आपली जुनी रीत शहाणपणाची आहे. पाणी त्यांच्या मुळांतून जाऊन पुढें निघतें तें बरेंच निवळलेलें असतें. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या. कपडे धुण्याच्या पावडरीचें पाणी भाजीस देऊं नये. त्यांतील सोडियममुळें काळी जमीन दगडासारखी आवळते. तसेंच काकडी, कोथिंबीर वगैरे ज्या भाज्या कच्च्या खातात त्यांस न्हाणीचें पाणी न देतां विहिरीचेंच द्यावें. राहिलेली तूट आच्छादनानें बरीच भरून निघते. उसाचें पाचट, गव्हाचा भुसा, झाडाखालचा पाला, जें हातीं येईल तें बोटभर ते चार बोटें जाडीनें झाडांच्या बुडाशीं पसरावें. पाणी नेहमीं उतरत्या उन्हांत द्यावें.

वेलांसाठीं मडक्याची पद्धत आम्हांस सर्वांत पसंत आहे. आठ-दहा लिटरांचें, न रंगविलेलें, सच्छिद्र मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून त्यांत पाणी भरावें, वर झांकण ठेवावें व भोंवतीं तीन-चार बिया टोकाव्या. मडकें पाझरतें तें मुळाशींच. वर जमीन कोरडी राहिल्यानें तणहि कमी उगवतें. तीन-चार दिवसांनीं डोकावून पाहावें व लागेल तसें भरावें. खारट पाण्यानें मडक्याचीं छिद्रें एक-दोन वर्षांत बुजतात, तेव्हां तें बदलावें लागतें. हा खर्च भारी नाहीं.

पेरणीस उशीर करूं नये. थंडीचा कडाका ओसरला कीं, म्हणजे जानेवारीच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत, भेंडी, गवार, चवळी, दुध्या भोपळा, दोडका, कारलें व काकडी हीं टोकून टाकावीं. थंडींत वेलांचें बीं जमिनींत कुजत पडतें, व मार्च ओलांडला तर रोपें कोवळीं असतांनाच ऊन गांठतें. भेंडीचें बीं रात्रभर भिजत घालून दुसरे दिवशीं एक फूट अंतराच्या ओळींत अर्ध्या फुटावर टोकावें. पंचेचाळीस-पन्नास दिवसांत पहिली तोडणी मिळते. परभणीच्या कृषी विद्यापीठानें काढलेली परभणी क्रांती ही जात हळद्या रोगास प्रतिकार करणारी म्हणून निवडलेली आहे. राजगिरा व माठ यांचे लहान वाफे एकदम न पेरतां दर पंधरवड्यास एक असे पेरावे, म्हणजे महिनाभरानें एकामागून एक हातीं येतात. कोथिंबिरीस मात्र सावली पाहिजे. ती दोडक्याच्या मांडवाखालीं पेरावी. धणे चोळून दुभंगून पेरले तर उगवण चांगली होते.

मांडवाचा विषय निघाला म्हणून सांगतों, परसबागेंतील खरें सुख ह्या मांडवाखालीं आहे. वैशाखांत चार बाजूंनीं झळा मारीत असतां सहा फूट उंचीच्या मांडवाखालीं गारवा असतो. तेथें बाज टाकून बसलेल्या माणसास घरांत जावेंसें वाटत नाहीं. आणि तेथें बसून शिकण्यासारखेंहि पुष्कळ आहे. वेलांवर नर फुलें व मादी फुलें निरनिराळीं असतात. मादी फुलाच्या पाठीमागें बोटाच्या पेराएवढें इवलेंसें फळ आधींच असतें. नर फुलाचा देंठ नुसता असतो. आरंभीं बहुतेक नर फुलेंच येतात व गळतात. तें पाहून वेल वांझ निघाला म्हणून उपटणारे लोक आहेत! त्यांनीं आठ-दहा दिवस धीर धरावा. कडक उन्हांत नर फुलांचें प्रमाण वाढतें हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

कारल्याचीं पिवळीं फुलें पहांटेस उमलतात, घोसाळ्याचीं सकाळीं, दोडक्याचीं दिवस कलल्यावर, आणि दुध्याचीं पांढरीं शुभ्र फुलें दिवेलागणीस. दुध्याकडे रात्रीचे पतंग येतात, इतरांकडे मधमाश्या. जेथें विषारी फवारे फार होतात तेथें ह्या माश्या नाहींशा होऊन फुलें फळ न धरतां सुकतात. अशा वेळीं संध्याकाळीं ताजें नर फूल खुडून, पाकळ्या मागें मोडून, त्यांतील पराग मादी फुलाच्या मध्यभागीं हलकेच टेंकवावे. मुलांच्या लहान बोटांस हें काम छान साधतें, व ज्या मुलानें आपल्या हातानें दुध्या धरविला तें मूल जेवतांना दुध्याची भाजी नको म्हणत नाहीं, असा आमचा अनुभव आहे.

किडींविषयीं थोडक्यांत. कोवळ्या वेलांवरील तांबडे भुंगेरे सकाळीं थंडीनें सुस्त असतांना वेंचून मारावे व पानांवर चुलीची राख उधळावी. मावा व तुडतुडे यांस निंबोळीचा अर्क पुरतो: पन्नास ग्रॅम निंबोळीचें चूर्ण एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावें, गाळावें, थोडा साबण मिसळून संध्याकाळीं फवारावें. हळद्यानें पिवळी पडलेली भेंडी औषधानें बरी होत नाहीं. पांढरी माशी तो रोग दुसऱ्या झाडांवर नेण्यापूर्वीं तें झाड उपटून पुरावें. फळमाशीनें डंखलेलीं कारलीं व दोडके उकिरड्यावर टाकूं नयेत, खोल गाडावे. नाहींतर तीच माशी आठवड्या-दोन आठवड्यांनीं पुन्हां येते. कोवळ्या फळास कागदाची पिशवी बांधणें हा साधा व खात्रीचा उपाय आहे.

आतां एक गोष्ट जी हिशेबांत धरतां येत नाहीं. आपल्या लोकांस उपकार स्मरण्याची चांगली संवय आहे. बैलांसाठीं पोळा आहे, अवजारांसाठीं दसरा आहे, लातूर-धाराशिवकडे उभ्या रब्बीच्या शेतांत जाऊन काळ्या आईची पूजा करण्यास वेळा अमावास्या आहे. हे सर्व मोठ्या पिकाचे सण. रोजच्या ताटांतील मूठभर गवारीसाठीं सण नाहीं, आणि ती विकत आणलेली असेल तर तिची आठवणहि कोणास राहत नाहीं. परसांतील भाजी मात्र आठवते. ती कोणीं पेरली, कोणीं पाणी घातलें, कोणत्या वेलावरची ती, हें जेवतांना निघतेंच. पहिला दोडका देवापुढें व दुसरा शेजारीं, ही रीत अनेक घरांत अद्याप आहे. सोलापूर जिल्ह्यांतील अरण गांवीं १२९५ सालीं ज्यांनीं देह ठेवला ते सांवता माळी पंढरीच्या वारीस न जातां मळ्यांतच राहिले व त्यांना देव तेथेंच भेटला, अशी परंपरा आहे. भाजीच्या वाफ्यांत रोज तास-दीड तास वांकणाऱ्या माणसास ही कथा चमत्काराची वाटत नाहीं.

पण मे महिन्यांत विहिरीनें तळ गांठला कीं हें सर्व सुख कसोटीस लागतें. १९७२ चा दुष्काळ ज्यांनीं पाहिला त्यांना पिण्याचें पाणी मोजून घेणें म्हणजे काय तें ठाऊक आहे. अशा वेळीं सर्व वाफे थोडथोड्या पाण्यानें जगवूं पाहणें ही मोठी चूक. त्यांत सगळेच मरतात. काय सोडावयाचें हें आधींच ठरवावें. पहिल्यानें पालेभाजीचे वाफे काढून टाकावे, मग काकडी, कारण ह्यांची तहान मोठी व मुळें उथळ. मग भेंडी. गवार शेवटपर्यंत ठेवावी; तिचें मूळ खोल जातें व ती पाण्याचा ताण सोसते. मडक्यावरचे दोन वेलहि तगतात. आणि बांधावर शेवग्याचें एक झाड असलेंच पाहिजे. बाकी सर्व वाळलें तरी त्याचा पाला भाजीस मिळतो, व डाळींत घातला तर मुलेंहि खातात. गुरांच्या पाण्यांत वांटा मागण्याची पाळी आली तर बाग सोडावी, गुरें सोडूं नयेत.

वेल काढण्यापूर्वीं बियांची सोय करावी. एका निरोगी वेलावर दुसऱ्या-तिसऱ्या तोडणीच्या वेळचा एक बांधेसूद दुध्या व एक दोडका राखून त्यांस दोरा बांधावा, म्हणजे घाईंत कोणी तोडणार नाहीं. मात्र संकरित बियाण्याच्या वेलाचें बीं धरूं नये, तें पुढें एकसारखें निघत नाहीं. फळ वेलावरच पूर्ण पिकूं द्यावें. दुध्याची साल टणक होते व दोडका वाळून आंत बिया खुळखुळूं लागतात. बिया काढून सावलींत वाळवाव्या, कोरड्या राखेंत मिसळून मडक्यांत भराव्या, व मृगाच्या सरी येण्यापूर्वीं तें मडकें ओल न पोंचेल अशा फळीवर ठेवावें.