ट्रॅक्टरचे टायर आणि डिझेलचा खर्च

नांगरणीपासून ऊस वाहतुकीपर्यंत शेतीतील बहुतेक जड कामे आज ट्रॅक्टरने होतात. या कामांच्या खर्चात डिझेलचा वाटा मोठा असतो. ट्रॅक्टर जास्त डिझेल घेऊ लागला की शेतकरी बंधू प्रथम नोझल, डिझेल पंप आणि एअर फिल्टर तपासून घेतात. ते योग्यच आहे. परंतु इंजिन उत्तम स्थितीत असूनही डिझेल जास्त लागते, तेव्हा दोष बऱ्याचदा टायरमध्ये किंवा त्यातील हवेत असतो. इंजिनाची शक्ती जमिनीपर्यंत पोचविण्याचे काम टायर करतात. तेथे गळती असेल तर इंजिनाची दुरुस्ती कितीही केली तरी खर्च कमी होत नाही.

शक्ती कोठे वाया जाते?

टायरमुळे शक्ती दोन प्रकारे वाया जाते. पहिला प्रकार म्हणजे चाकाची घसरण. चाक फिरते, पण ट्रॅक्टर तेवढा पुढे सरकत नाही. दुसरा प्रकार म्हणजे चाक फिरण्यास होणारा विरोध. भुसभुशीत जमिनीत चाक रुतते आणि स्वतःच केलेल्या खड्ड्यातून त्याला सतत वर चढावे लागते. पक्क्या रस्त्यावर हवा कमी असलेला टायर दबतो, पुन्हा फुगतो आणि त्यात तापतो. ही उष्णता डिझेलमधूनच आलेली असते.

या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध आहेत. चाकावर वजन वाढविले की घसरण कमी होते, परंतु रुतणे वाढते. म्हणून घसरण अगदी शून्यावर आणण्याचा प्रयत्न करू नये. शेतात ओढकाम करताना दोनचाकी चालनाच्या ट्रॅक्टरची घसरण साधारण १० ते १५ टक्के असावी. घसरण ८ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ट्रॅक्टर विनाकारण जड केला आहे असे समजावे. ती १५ टक्क्यांच्या बरीच वर असेल तर डिझेल आणि टायर दोन्ही झिजत आहेत.

घसरण कशी मोजावी?

यासाठी खडू, चार खुंट्या आणि मोजपट्टी एवढेच साहित्य पुरते.

१. मागच्या चाकाच्या बाजूवर खडूने ठळक खूण करावी.
२. ज्या शेतात काम करायचे तेथेच अवजार वर उचलून ट्रॅक्टर चालवावा. चाकाचे १० फेरे सुरू होतात व संपतात तेथे खुंट्या ठोकून अंतर मोजावे.
३. तोच गिअर व तेवढाच थ्रॉटल ठेवून अवजार नेहमीच्या खोलीवर लावावे आणि पुन्हा १० फेऱ्यांचे अंतर मोजावे.
४. दोन अंतरांतील फरकाला पहिल्या अंतराने भागून १०० ने गुणावे. दोन्ही चाकांवर मोजून सरासरी काढावी.

समजा, अवजार उचलून १० फेऱ्यांत ४० मीटर अंतर गेले आणि नांगर लावून ३० मीटर गेले. फरक १० मीटर, म्हणजे घसरण २५ टक्के झाली. टायर व वजन दुरुस्त केल्यावर तेच अंतर ३५ मीटर आले तर घसरण १२.५ टक्के राहिली.

या फरकाची किंमत पाहू. चाकाचा वेग ताशी ५ किलोमीटर, नांगराची कामाची रुंदी ६० सेंटिमीटर आणि डिझेल ताशी ४ लिटर असे धरू. वळण्याचा वेळ सोडला तर २५ टक्के घसरणीत एक एकर नांगरण्यास सुमारे १ तास ४७ मिनिटे आणि ७.१ लिटर डिझेल लागेल. १२.५ टक्के घसरणीत १ तास ३१ मिनिटे आणि ६.१ लिटर पुरेल. म्हणजे एकरी एक लिटर डिझेल फक्त चाक घसरण्यात गेले. दहा एकरांना दहा लिटर डिझेल आणि अडीच तासांहून अधिक वेळ वाचतो.

हवेचा दाब

शेतातील कामासाठी मागच्या टायरमध्ये साधारण १२ ते १५ पौंड आणि पुढच्या टायरमध्ये २४ ते २६ पौंड हवा ठेवण्याची पद्धत आहे. तथापि आपल्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत आणि टायरच्या तक्त्यात दिलेला दाबच अंतिम समजावा. जास्त हवा भरली की टायर टणक होऊन जमिनीला कमी टेकतो आणि घसरतो. फार कमी हवा असेल तर टायरच्या बाजूला चिरा पडतात आणि रिंगवर टायर सरकून व्हॉल्व्ह तुटतो. दाब सकाळी, टायर थंड असताना मापकानेच तपासावा. टायरला लाथ मारून किंवा नुसते पाहून अंदाज बांधू नये. रेडियल टायरची बाजू योग्य दाबातही थोडी फुगलेली दिसते. ती पाहून जादा हवा भरू नये.

वजन किती ठेवावे?

नांगरणीसारख्या जड ओढकामासाठी मागच्या चाकांना लोखंडी वजने लावावीत किंवा टायरमध्ये पाणी भरावे. व्हॉल्व्ह सर्वात वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत पाणी भरले असता टायर सुमारे ७५ टक्के भरतो. मध्यम ट्रॅक्टरच्या एका टायरमध्ये आकारानुसार साधारण सव्वाशे ते दोनशे लिटर पाणी मावते, म्हणजे तेवढेच किलो वजन वाढते. जड नांगरणी संपली की हे वजन काढावे. पेरणी, कोळपणी किंवा फवारणीला ते वाहून नेणे म्हणजे डिझेल जाळणे होय. पुढची चाके मात्र उचलली जाणार नाहीत एवढे वजन पुढे असलेच पाहिजे. पुढचा भाग हलका झाला की स्टिअरिंगवर ताबा राहत नाही आणि ट्रॅक्टर मागे उलटून जीवावर बेतू शकते.

टायर निवडताना

टायर घेण्यापूर्वी वर्षभरात ट्रॅक्टर कोठे जास्त चालतो याचा विचार करावा. बहुतांश काम शेतातील असेल तर उंच तिरकस रबरी पट्ट्यांचा टायर योग्य ठरतो. परंतु हाच टायर गळीत हंगामात चार-पाच महिने डांबरी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या ओढणार असेल तर त्याच्या पट्ट्या लवकर झिजतात. असे टायर पावसाळ्यापूर्वीच्या नांगरणीला घसरू लागतात. अशा वेळी पट्ट्या किती उरल्या हे पाहून अंदाज करण्याऐवजी वरील पद्धतीने घसरण मोजावी. वजन व हवा योग्य असूनही घसरण १५ टक्क्यांच्या बरीच वर राहत असेल तर नवीन टायर घेणे परवडते.

रेडियल टायर महाग असतो, परंतु त्याची बाजू लवचिक असल्याने तो जमिनीवर जास्त लांबीत टेकतो व कमी घसरतो. वर्षाला बरेच तास ओढकाम करणाऱ्यांनी त्याचा विचार करावा. ज्यांचे काम थोडे आहे त्यांना साधा टायर पुरेसा आहे.

मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे व सारख्या झिजेचे असावेत. चारचाकी चालनाच्या ट्रॅक्टरमध्ये पुढच्या व मागच्या टायरचे प्रमाण कारखान्याने ठरविलेले असते. एकाच बाजूचे माप बदलल्यास चाके एकमेकांना ओढतात, डिझेल वाढते आणि गिअर खराब होतात. टायर बसविताना बाजूवरील बाणाची दिशा पाहावी. मागून पाहिल्यास पट्ट्या आठच्या आकड्यासारख्या, टोक वर असलेल्या दिसल्या पाहिजेत. उलट बसविलेला टायर चिखल बाहेर टाकत नाही.

रस्त्यावरील वाहतूक

दोनचाकी ट्रॉलीचे काही वजन ट्रॅक्टरच्या हुकावर येते. म्हणून वाहतुकीपूर्वी मागच्या टायरमधील दाब पुस्तिकेप्रमाणे वाढवावा आणि शेतात परतल्यावर तो कमी करावा. ट्रॉलीच्या टायरकडे सहसा कोणी पाहत नाही. त्यांतील हवा दर आठवड्याला तपासावी.

जमिनीचे नुकसान

डिझेलचा तोटा पंपावर लगेच दिसतो, जमिनीचा तोटा पिकात उशिरा दिसतो. काळ्या जमिनीत वाफसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर घातला तर चाक घसरते आणि चाकाखालची माती लिंपल्यासारखी होते. तेथे पाणी मुरत नाही, मुळे खाली जात नाहीत. वरच्या थराचे दबणे मुख्यतः टायरमधील दाबावर आणि खोल थराचे दबणे आसावरील एकूण वजनावर अवलंबून असते. म्हणून योग्य दाब, गरजेपुरते वजन आणि वाफशावर मशागत या तिन्ही गोष्टी पाळाव्यात.

हंगाम सुरू होण्यापूर्वी अर्धा तास काढून आपल्या ट्रॅक्टरची घसरण मोजावी आणि तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पुढील वर्षी तीच मोजणी केली की टायर कधी बदलावा हे दुकानदाराला विचारण्याची गरज राहणार नाही.