परसातली शेकोटी आणि फुटलेला दगड

थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात 'स्टीम'वर मला चांगले मार्क पडले होते. तरीही डिसेंबरच्या सुट्टीत गावी परसात शेकोटीचं आळं बांधताना मी ओढ्यातले गुळगुळीत दगड उचलून आणले. दिसायला छान! अर्धा तास जाळ झाला आणि फट्ट असा आवाज होऊन एका दगडाची कपची चुलतभावाच्या कानाजवळून गेली. नशीब, कोणाला लागलं नाही. आजोबा एवढंच म्हणाले, "अरे, पाण्यातला दगड कधी चुलीला लावतात का?"

मित्रांनो, हेच पुस्तकी भाषेत सांगायचं तर असं. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात बारीक भेगा आणि पोकळ्या असतात, पाण्यात पडून राहिला की त्यांत पाणी मुरतं. 100 अंशांना पाण्याची वाफ झाली की हवेच्या साध्या दाबाला तिला सुमारे 1,600 पट जागा लागते. दगडात एवढी जागा कुठली? दाब वाढत जातो. शिवाय जाळाकडची बाजू प्रसरण पावते, मागची थंडच राहते, तो ताण वेगळा. थोडक्यात, मी शिट्टी नसलेला कुकर बांधला होता.

दुसऱ्या खेपेला भाजलेल्या लाल विटा घेतल्या. वीट भट्टीतूनच निघालेली, तिला शेकोटीच्या धगीचं काय कौतुक! सिमेंट मात्र नको. घट्ट झालेल्या सिमेंटमध्ये कॅल्शियम हायड्रॉक्साईड असतं, ते 400 ते 500 अंशांच्या दरम्यान विघटित होतं आणि सांधे भुसभुशीत होतात. विटा नुसत्या रचल्या तरी चालतात, फार तर चिखल लावा.

आता माप. 15 सेंटिमीटर खोल खणून त्यात खडी आणि वर वाळू भरली, म्हणजे पाणी साचत नाही. त्यावर आतून 90 सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ. वीट 23 सेंटिमीटर लांब. दाटीवाटीने 12 बसतात. मी खालच्या थरात 11 च लावल्या. त्यामुळे दोन विटांमध्ये साधारण अडीच सेंटिमीटर फट राहिली. गरम हवा वर जाते, या फटींतून ताजी हवा आत येते, लाकूड नीट जळतं आणि धूर कमी होतो. वरचे दोन थर सांधे चुकवून रचले.

जागा गोठा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याची दिशा बघून. पाण्याची बादली जवळ हवीच. पहिला जाळ अगदी छोटा, कारण विटाही पाणी पितात. पावसाळ्यानंतरही तसंच करायचं.

राख सकाळपर्यंत आतून गरम असते. आमच्याकडे ती पाणी मारून, काठीने ढवळून मगच उकिरड्यावर जाते. हे काम आजोबा अजून माझ्यावर सोपवत नाहीत.