ती ट्यूब आधी उलटून वाचा

भिलाईतल्या मराठी आईबाबांनो,

मे महिन्यात पारा पंचेचाळिशीकडे सरकतो आणि नागपूरकडची लग्नंही याच दिवसांत येतात. पंधरा-सोळा वर्षांचं मूल ‘मी नाही येत’ म्हणतं, तेव्हा कारण दर वेळी क्लास किंवा ऊन नसतं. ‘अगं, चेहऱ्याचं काय करून घेतलंस हे?’ हा मांडवातला प्रश्न त्याला नको असतो. घरी आपणही तेच विचारतो. तळकट खातेस, तोंड धूत नाहीस! पण भज्यांतलं तेल चेहऱ्यावर येत नाही. फार गोड खाण्यानं आणि काही जणांत दुधानं मुरुमं वाढू शकतात, एवढंच. मूळ कारण वयाचं आहे. अँड्रोजेन ही संप्रेरकं वाढतात, तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, रंध्रं बुजतात आणि आत जंतू वाढून सूज येते. चेहरा घासघासून धुतला की कातडी आणखी चिडते.

मला खरी काळजी वाटते ती मेडिकलमधून न विचारता आणलेल्या क्रीमची. सुपेल्यात किंवा पॉवर हाऊसला क्लासहून परतताना मूल ‘मुंहासे की क्रीम’ मागतं. कधी घरातल्या कुणाच्या गजकर्णासाठी आणलेली ट्यूबच त्याच्या हाती लागते. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून सगळे खूश होतात. नंतर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, नव्या पुटकुळ्या उठतात. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून मूल पुन्हा तीच क्रीम लावतं. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या, देशातल्या 12 केंद्रांवरच्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या 2926 रुग्णांपैकी 433 जण अशी स्टेरॉइडं लावत होते. 2018 मध्ये सरकारनं अशा अनेक क्रीम चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी घरातली ट्यूब तपासायची ती आपणच.

मूल अशी क्रीम बरेच दिवस लावत असेल, तर रागावून कचऱ्यात फेकू नका. ट्यूबसकट त्याला त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. सेक्टर 9 चं हॉस्पिटल असो की दुसरं कुठलं, पण दाखवा. मुरुमांवरची अडापालीन, बेंझॉइल पेरॉक्साइडसारखी औषधं जुनी, पारखलेली आहेत. मात्र ती आठ ते बारा आठवडे नेमानं लावावी लागतात, आणि सुरुवातीला कातडी कोरडी पडते. नेमकं तेव्हाच मुलं कंटाळून सोडून देतात. त्या दिवसांत त्याच्याजवळ राहा. रोज आरशासमोर उभं करून ‘कमी झालं का?’ विचारू नका.

मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा; पीसीओएस हा संप्रेरकांचा विकार असू शकतो. मुरुमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या मात्र डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय कुणालाही देऊ नका. गरोदरपणात त्या बाळाला गंभीर व्यंग देऊ शकतात, म्हणून मुलींच्या बाबतीत डॉक्टर हा विषय आधी काढतील. तेव्हा लाजून तो टाळू नका.